आबांच्या वहीतला 'तो'

गिरधर आबांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांची बायको सुमनबाई कुणालाही सांगते. ते खरं नाही. आबांच्या प्रत्येक रागाला कारण असतं. ते समोरच्याला कळेपर्यंत आबांचं ओरडून झालेलं असतं, एवढंच. मी त्यांचा राग तीन वेळा खाल्ला. पहिल्या दोन वेळा चूक माझी लहान होती. तिसऱ्या वेळची चूक छापून आली आहे आणि तिच्यावर माझं नाव आहे.

आबा एकतीस वर्षं चोपड्याकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. नोकरीच्या कागदावर परिचर, तोंडी शिपाई. बेडूक, झुरळं, गांडुळं, खेकडे, जे लागेल ते आणून द्यायचं, बरण्या धुवायच्या, फॉर्मालीन बदलायचं, चिठ्ठ्या चिकटवायच्या. घरची तीन एकर केळी, तिच्या बांधालगत सातपुड्यातून उतरणारा उंबरनाला. खेकडे आबा तिथूनच आणायचे. शिकवणारे सर बदलत गेले, आबा तेच राहिले. मी त्या कॉलेजात एम.एस्सी.ला गेले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं.

पहिला राग मी पहिल्याच आठवड्यात खाल्ला. ट्रेमधला जिवंत खेकडा मी नांगीला धरून उचलला. खेकड्याने नांगी तिथेच सोडली आणि तो टपकन खाली पडला. माझ्या चिमटीत नुसती नांगी राहिली. मी किंचाळले आणि मुलं हसली. आबा बरण्या ठेवून आले.

"पाठवरतीन धरानं," ते म्हणाले. "हात कोनी धरस का?"

"त्याने स्वतःच सोडला, आबा."

"सोडा! तू धरा म्हनीसन सोडा ना त्यानी!"

मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी मला तो खेकडा पाठीवरून धरायला लावला आणि हात गेला होता ती जागा दाखवली. आबा नांगीला कधीच नांगी म्हणायचे नाहीत, हातच म्हणायचे. बुडाशी एक गोल, सपाट, स्वच्छ काप होता, वर पातळ पापुद्रा. रक्ताचा थेंब नाही. खेकड्याच्या हाताला जन्मतःच एक ठरलेली जागा असते. जीवावर बेतलं की तो तिथून हात सोडून देतो आणि ती जागा आपोआप मिटते. पुढच्या वेळी कात टाकली की तिथे चिमुकला हात फुटतो, दोनतीन काती गेल्या की पुरता होतो. हे पुस्तकातही आहे. पुस्तकात नाही ते आबांनी पुढे सांगितलं. माणसाने पिरगाळून ओढला तर हात त्या जागेवरून तुटत नाही, आणखी आतून उखडतो. मांस लोंबतं, निळसर पाणी गळत राहतं. बरेचसे मरतात. जगले तर तिथे हात उगवत नाही, नाहीतर वाकडा उगवतो, कधी तीन बोटांचा, कधी उलटा वळलेला, तोंडापर्यंत न पोचणारा.

"सोडेल हात आन तोडेल हात," आबा म्हणाले. "जमीन आस्मानना फरक शे. लिखी ले."

सोडेल म्हणजे खेकड्याने आपणहून सोडलेला, तोडेल म्हणजे माणसाने तोडलेला. मी लिहून घेतलं नाही. परीक्षेला येणार नव्हतं.

दुसरा राग त्यांच्या चिठ्ठ्यांवरून. बरणीवरची चिठ्ठी बोटभर असते. आबा एकतीस वर्षं तिच्यावर एक-दोन अक्षरांतच लिहीत आले होते. 'बे.' म्हणजे बेडूक, 'खे.' म्हणजे खेकडा, 'फॉ. ब.' म्हणजे फॉर्मालीन बदलायचं. ही सवय घरापर्यंत गेलेली. सुमनबाईने सांगितलेल्या सामानाची यादीही ते तशीच लिहायचे आणि एकदा दुकानदाराने 'मि' वाचून मिरीची पुडी बांधून दिली, हवी होती मिरची. सुमनबाई अजून ते ऐकवते. मी एका बरणीवरची 'गां.' चिठ्ठी गांधीलमाशी अशी वाचून वहीत लिहिली. आत गांडूळ होतं. बरणीकडे न बघता मी चिठ्ठी वाचली होती, याचा आबांना राग. "डोया शेत ना तुले? काच शे ती, आरपार दिखस," म्हणाले. मी हसले. ते हसले नाहीत.

आता माणूस म्हणेल, इतकं सांगून झाल्यावर या बाईला पुढे अक्कल आली असेल. नाही आली.

आबा निवृत्त होऊन गावी आले त्याच साली नाल्याच्या वरच्या अंगाला, डोहाला लागून, स्वप्नीलने कृषी पर्यटन केंद्र काढलं. स्वप्नील आबांच्या चुलत भावाचा, जीवराम नानांचा मुलगा. पुण्यात शिकून आलेला, बोलायला गोड, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा. केळीच्या बागेत खाटा, भरीत-भाकरी, झोके. शनिवार-रविवारी जळगाव-धुळ्याच्या गाड्या येऊ लागल्या. गावातल्या चार पोरांना काम लागलं, त्यामुळे गाव खूश. आणि डोहाच्या काठी रंगीत पाटी लागली: 'खेकडा पॉइंट. पकडा, फोटो काढा, सोडून द्या. इथे कोणताही प्राणी मारला जात नाही.'

आता शहरातल्या पोराच्या हातात खेकडा द्यायचा तर तो चावता कामा नये. म्हणून सकाळी गाड्या यायच्या आधी केंद्रातली माणसं टोपलीभर खेकडे धरायची आणि पकडीने दोन्ही नांग्या पिरगाळून काढायची. नांग्या जायच्या रश्श्यात. उरलेला खेकडा जायचा टबात, पोरांच्या तळहातावर, फोटोत, आणि संध्याकाळी टाळ्या वाजवून परत पाण्यात. एका जनावराचा दोनदा वापर. पाहुण्यांना वाटायचं खेकडा असाच असतो, गोल आणि गरीब. सोडलेला खेकडा वाहत खाली यायचा, आबांच्या बांधापाशी. त्याला खाता येत नाही, बीळ उकरता येत नाही, समोर बगळा आला तर हात उगारता येत नाही. आबांना सकाळी पाणी धरायला गेल्यावर तो दिसायचा.

ते स्वप्नीलकडे गेले. स्वप्नील पाया पडला आणि म्हणाला, "आबा, खेकडाना हात परत येतस. तुम्हीच शिकाडं व्हतं माले धाकलपने." आबांनी त्याला सोडेल आणि तोडेल यांतला फरक सांगितला. स्वप्नीलने ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी पकड तशीच चालली. जीवराम नाना म्हणाले, "गिरधर, खेकडाकरता भाऊबंदकीमा वाद करस का?" गावात आबांचं नाव खेकडेआबा पडलं.

माणूस दुसरा असता तर शिव्या घालून गप्प बसला असता. आबांनी शंभर पानी वही घेतली. एकतीस वर्षांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, की कॉलेजात मोजलेलं आणि छापलेलं लोक मानतात, शिपायाने सांगितलेलं मानत नाहीत. म्हणून त्यांनी मोजायचं ठरवलं. पावसाळाभर रोज सकाळी बांधापाशी खेकडा धरायचा, पाठीवरून, बघायचा, लिहायचा, सोडायचा. आणि त्यांनी मला फोन केला. तेव्हा मला प्रकल्पासाठी विषय मिळत नव्हता.

मी दोनदा गेले. खरं लिहायचं तर दोनदाच गेले. पहिल्यांदा जूनमध्ये, दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये, तेव्हा नाल्याला पाणी फार होतं म्हणून मी बांधावर छत्री घेऊन उभी राहिले आणि सुमनबाईच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन परत आले. माझ्या अहवालात मात्र 'चौदा भेटींतील प्रत्यक्ष निरीक्षण' असं आहे. हंगाम संपल्यावर आबांनी वही एसटीच्या कंडक्टरकडे दिली आणि मी ती जळगावला, मेहरूणच्या माझ्या खोलीत बसून संगणकात उतरवून परत पाठवली.

वहीत एका ओळीत एक खेकडा. क्रमांक, तारीख, पाठ किती बोटं, कोणता हात नाही, आणि शेवटी एक अक्षर. '१४, उजवा नही, तो.' '१५, डावा नही, सो.' '१६, दोन्ही नही, तो.' धड खेकड्यापुढे 'ठी.', म्हणजे ठीक. मध्येच 'पा. पो.', ते मला कळलं, पाठीला पोचा. 'वा. उ.', वाकडा उगवलेला. मी स्वतःवर खूश होते, की आबांची भाषा मला येते.

'सो' म्हणजे सोडले, परत पाण्यात, असं मी वाचलं.

'तो' म्हणजे नर.

दोनशे बारा खेकडे. शहाण्णवांचे हात गेलेले. त्यांतल्या एकाहत्तरांपुढे 'तो'. उरलेल्या पंचवीस मी माद्या धरल्या. अख्ख्या वहीत एकही 'ती' नव्हती आणि मला प्रश्न पडला नाही. खेकडा उलटा केला की पोटावरची पट्टी दिसते. नराची निमुळती, मादीची रुंद. एक क्षण लागतो. तो क्षण मी नाल्याकाठी छत्रीखाली घालवला होता. आणि हात कसा गेला यातला फरक, तो तर पहिल्याच आठवड्यात माझ्या नाकासमोर धरून सांगितला होता त्या माणसाने.

आमचे मार्गदर्शक सर आकडे बघून खुर्चीत पुढे सरकले. "एकाहत्तर नर! मग उघड आहे. नर झुंजतात. फार छान निष्कर्ष आहे, मयुरी." मलाही तो छान वाटला. लेख छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. शेवटी बारीक अक्षरांत, 'नमुने गोळा करण्यास श्री. गिरधर यांची मदत झाली.' निष्कर्ष असा होता, की उंबरनाल्यातील खेकड्यांमध्ये अवयव गमावण्याचं प्रमुख कारण नरांमधील नैसर्गिक झुंज हे असून हे अवयव कालांतराने पुन्हा येतात. त्या लेखाच्या बळावर मला जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. आबांना एक प्रत पाठवावी असं वाटलं होतं. पाठवली नाही.

आबा इकडे वाट बघत होते. सुमनबाईने मला नंतर सांगितलं, रोज विचारायचे, कॉलेजनं काही आलं का. पुढच्या पावसाळ्यात स्वप्नीलने ग्रामपंचायतीकडे अख्खा डोह आणि खालचा नाला आबांच्या बांधापर्यंत केंद्राच्या ताब्यात मागितला. कुंपण घालून 'खेकडा संवर्धन क्षेत्र' करायचं म्हणे. एकदा कुंपण पडलं की आबांना त्यांच्याच बांधावरून नाल्यात उतरता येणार नव्हतं. त्यानंतर आत काय चालतं ते बघायला कुणी उरणार नव्हतं. ग्रामसभेत ना हरकत द्यायचा विषय आला आणि आबा उठले. म्हणाले, हा माणूस खेकड्यांचे हात तोडतो. अख्खा पावसाळा मोजलंय मी. दोनशे बारातले शहाण्णव खेकडे हात गेलेले माझ्या बांधाला लागले.

स्वप्नील शांतपणे उठला आणि त्याने प्लॅस्टिकमध्ये बसवलेला कागद काढला. माझा लेख, इंटरनेटवरून काढलेला. त्याने निष्कर्ष मोठ्याने वाचला, नर झुंजतात इथपर्यंत. मग शेवटची बारीक अक्षरं वाचली.

"नर शे म्हनीसन कोनी सांगं?" आबा ओरडले.

"तुमनीच वही शे ना, आबा," स्वप्नील म्हणाला. "कॉलेजनी छापं."

सभा हसली. कुणीतरी मागून म्हणालं, खेकडेआबा, नर झगडतस ते तुमले कसं ठाऊक नही? आबा खाली बसले. सुमनबाई म्हणते, बेचाळीस वर्षांच्या संसारात ओरडता ओरडता मध्येच बसलेला हा माणूस तिने पहिल्यांदा बघितला. गणपूर्ती झाली नव्हती म्हणून सभा आठ दिवसांनी पुन्हा घ्यायची ठरली, नाहीतर ना हरकत तिथेच मिळाली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला आबा मेहरूणला माझ्या दारात उभे होते. धोतर चिखलाने माखलेलं, काखेत वही. मी "या आबा, बसा" म्हणाले. ते बसले नाहीत. स्वप्नीलकडून मागून आणलेली लेखाची झेरॉक्स आणि वही त्यांनी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि सोळाव्या ओळीवर बोट टेकलं.

"हाई काय शे?"

"दोन्ही हात नाहीत. तो."

"तो म्हनजे?"

"नर," मी म्हणाले. आबांचा चेहरा बदलला. त्यांना वाटत होतं कॉलेजने त्यांना फसवलं, सरांनी किंवा स्वप्नीलने काहीतरी बदललं. मी इतकी मूर्ख असेन हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"तो म्हनजे तोडेल," आबा म्हणाले. आवाज अगदी हळू. "सो म्हनजे सोडेल. पयलाच दिन सांगं व्हतं तुले. लिखी ले म्हनं व्हतं."

मग त्यांचा आवाज चढला. शेजारचे दार उघडून बघू लागले.

"मी पानीमा उभा ऱ्हाईसन एक एक हात देखा! तोडेल शे का सोडेल शे, देखीसन लिखं! आन तू नर करी टाका त्यास्ना! एक तरी खेकडा उलटा करीसन देखा का तू? एक तरी?"

"नाही, आबा."

"नही." त्यांनी वही मिटली. "स्वप्नील पकडवरी तोडस. तू पेनवरी तोडं. त्यानं तरी हातमा खेकडा धरा व्हता."

पाणीही न पिता ते गेले. ते रिक्षात बसत असताना मी वरून बघितलं. मला रडू आलं नाही, संताप आला. आधी त्यांचाच आला, खरं सांगते. पूर्ण शब्द लिहायला काय झालं होतं यांना? कागद वाचवायचा होता? मग तो संताप जिथे जायला हवा तिथे गेला.

त्याच दिवशी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. दुरुस्तीचं पत्र पाठवू म्हणाले. सर हसले. "एका अक्षरावरून? छापून आलंय, मयुरी. आता सोड. आणि तुझी कायम जागेची मुलाखत आहे पुढच्या महिन्यात, मी आहे समितीवर, हे लक्षात ठेव. भेटींचा आकडा कुणी मोजायला बसलं तर तुलाच जड जाईल." ते धमकी देत नव्हते. काळजी करत होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पत्र मी लिहिलं, पाठवलं. नियतकालिकाकडून आजपर्यंत उत्तर नाही.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गावी गेले. आबा ओट्यावर बसले होते, समोर झाकलेली बादली. मला बघून ते उठले नाहीत. सुमनबाईने पाणी दिलं.

"सभेत मी सांगते, आबा. लेख चुकला म्हणून सांगते."

"तुनं कोन ऐकी? पयले एक सांगं, आते दुसरं सांगशी." त्यांनी बादली माझ्याकडे सरकवली. "हाई ले. सकाय डोहना खाले धरेल शेतस. अकरा. बठ्ठास्ना हात नही."

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये त्या दिवशी गर्दी होती, कारण आबा आणि स्वप्नील भिडणार हे सगळ्यांना माहीत होतं. बायका भिंतीला लागून बसलेल्या. स्वप्नीलच्या मांडीवर तो प्लॅस्टिकमधला कागद. विषय निघाला, त्याने पुन्हा तोच वाचला, सरपंचांच्या टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघून आदराने म्हणाला, "मॅडम स्वतः आल्यात, त्याच सांगतील."

आबांनी सरपंचांच्या टेबलावर बादली ठेवली.

"हाई पोरनी लिखेल शे का हात जायेल खेकडा बरेचसा नर शेतस. उलटं करा आन देखा."

"करा ना तुम्हीच, आबा," सरपंच म्हणाले.

"मी नही. मी करसू त म्हनतीन म्हाताराना हातनी सफाई शे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ती करी. तिनं लिखेल शे."

मी बादलीत हात घातला. पाठीवरून धरला. दोन्ही बाजूंना बुडाशी हात उखडलेले, मांस पांढरं पडून लोंबत होतं. मी तो सगळ्यांना दिसेल असा उलटा केला. पट्टी रुंद, पोटभर पसरलेली.

"मादी," मी म्हणाले.

दुसरा काढला. मादी. तिसरा नर, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. चौथा मादी. पाचवा मादी. सहावा नर. हसणं थांबलं. एवढ्या दिवसांत एकदाही न केलेली गोष्ट मी शंभर माणसांसमोर करत होते. आबा माझ्या शेजारी उभे राहून फक्त प्रत्येक जखमेकडे बोट करत होते आणि एकच शब्द बोलत होते. तोडेल. तोडेल. तोडेल. एकदा म्हणाले, "हाऊ सोडेल शे. देखा, साफ शे," आणि तो खेकडा त्यांनी वेगळा ठेवला. तेवढ्यात मला कळलं की हा माणूस भांडतानाही खोटं मोजत नाही.

नववा काढला तेव्हा तो जड लागला. उलटा केला आणि पोटाची पट्टी जराशी उघडली. आत पिल्लं होती. तुरीच्या डाळीएवढी, पूर्ण खेकड्याच्या आकाराची, प्रत्येकाला दोन दोन बारीक हात. आईला एकही नव्हता. चारसहा पिल्लं खाली गळली आणि टेबलावर ठेवलेल्या माझ्या लेखावर पडली. प्लॅस्टिक गुळगुळीत होतं, त्यांना तिथे धरता येईना. ती 'नैसर्गिक झुंज' या शब्दांवर पाय झाडत राहिली.

बायका उठून टेबलापाशी आल्या.

"आतमा पोरे शेतस!" कुणीतरी म्हणालं.

"हाऊ नर शे का, स्वप्नील?" आबांनी विचारलं. "हाऊ झगडा का कोनसंगे? पोटमा पोरे लीसन?"

स्वप्नीलचा चेहरा उतरला होता. तरी तो म्हणाला, "पण आबा, हात परत..."

"कोठून?" आबा ओरडले. अख्खा हॉल हादरला. "कोठून यी परत? जागाच उखडी टाकी तुम्ही! आन यी तवलग ती खाई काय, यास्ले संभाळी कसं?"

स्वप्नील माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमच्या लेखाचं काय मग? तो खोटा आहे असं लिहून द्याल?"

"देते," मी म्हणाले. सरपंचांकडून कोरा कागद घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं: लेख चुकीचा आहे, मी चौदा वेळा नव्हे तर दोन वेळा आले, एकही खेकडा मी उलटा करून पाहिला नाही, वही गिरधर आबांची आहे आणि ती बरोबर आहे. सही केली. त्या कागदाचा फोटो संध्याकाळपर्यंत जळगावला सरांच्या फोनवर पोचला होता. मुलाखतीचं पत्र मला आलं नाही.

ना हरकत त्या दिवशी नाकारली गेली. बायकांनी हात वर केले, त्यांच्यामागे पुरुषांनी केले. जीवराम नाना हात वर न करता बाहेर निघून गेले आणि अजून आबांशी बोलत नाहीत. खेकडा पॉइंटची पाटी आहे तशीच आहे. पकड पूर्वीसारखी रोज चालत नाही, शनिवार-रविवारी चालते. आबा म्हणतात, मोजायला माणूस उभा आहे म्हटल्यावर हात जरा जपून पडतो. आम्ही जिंकलो असं मी कुणाला सांगत नाही.

पिल्लांची ती आई आबांनी त्याच दिवशी बादलीतून नाल्यात सोडली. पुढे तिचं काय झालं ते माहीत नाही. जगली नसणार.

यंदाच्या पावसाळ्यात मी दर रविवारी जाते. पाण्यात उतरते, पाठीवरून धरते, उलटा करते. आबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी खेकडा धरून सांगायचं, त्यांनी बांधावर बसून लिहायचं, असं ठरलं आहे. मागच्या रविवारी लिहून झाल्यावर त्यांनी वही माझ्याकडे दिली, तपासून बघ म्हणाले. वही नवी होती. ओळी लांब लांब होत्या. 'खेकडा क्रमांक तीन. मादी. दोन्ही हात नही. तोडेल.' खाली 'खेकडा क्रमांक चार. नर. डावा हात नही. सोडेल.' एकही अक्षर तोडलेलं नव्हतं. एका पानावर जेमतेम आठ खेकडे मावले होते.

"आबा, असं पूर्ण लिहिलं तर वही लवकर संपेल," मी म्हणाले.

आबांनी वही माझ्या हातातून परत घेतली.

"सरू दे," ते म्हणाले. "शिकेल लोके वाचतस ती."